निळ्या तळव्यांचे चार दिवस

माया मला पहिल्यांदा दिसली ती दुसऱ्यांचे हात तपासताना.

नायगावातल्या पालिकेच्या शाळेत मी तेव्हा पाचवीच्या वर्गावर होते. दर सोमवारी प्रार्थना झाली की नखे बघायची पद्धत होती. मुले हात पालथे करून पुढे धरायची आणि मॉनिटर रांगेतून फिरायची. त्या सोमवारी नेहमीची मॉनिटर गोवर आल्यामुळे घरी होती, म्हणून मी मागच्या बाकावरच्या एका मुलीला उठवले. दोन घट्ट वेण्या, निळा स्कर्ट जरा लांब, पुढच्या वर्षीही चालावा म्हणून घेतलेला. ती पहिल्या मुलासमोर उभी राहिली, नखांकडे ओझरते पाहिले आणि म्हणाली, "उलटे कर."

मुलाने तळवे वर केले. तिने ते वाकून पाहिले. मग पुढचा मुलगा. एकाला म्हणाली, "चिंच खाल्लीस." दुसऱ्याला, "गोट्या." रांग संपायला दुप्पट वेळ लागला. मी तिला विचारले, नखे सोडून तळवे कशाला बघतेस?

"बाई, नखं सोमवारी सगळेच कापून येतात," ती म्हणाली. "तळव्यावर खरं कळतं."

पुढे समजले की तिची आई कमलाबाई लालबागला मिरच्यांचे देठ खुडायला जायची. संध्याकाळी आईचे हात पेटलेले असायचे, आणि आज किती मिरची झाली हे ही मुलगी आईचे तळवे बघून ओळखायची. वडील बुधाजी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर ते एका इमारतीच्या दारावर राखणीला बसू लागले. धाकटा भाऊ संघर्ष आमच्याच शाळेत पहिलीत होता. मधल्या सुट्टीत माया त्याला जिन्यापाशी गाठायची आणि एवढेच म्हणायची, "हात." तो डबा बगलेत धरून दोन्ही तळवे पुढे करायचा. तिने मान हलवली की खायला बसायचा. भावाबहिणींमध्ये इतके कमी बोलून इतके काम होताना मी फार वेळा पाहिले नाही.

अभ्यासात ती मध्यम होती. गणितात बरी, भूगोलात कंटाळणारी. दहावीनंतर तिने एक वर्ष कॉलेज केले, मग बुधाजी गेले आणि ती लालबागच्या मसाल्याच्या दुकानात लागली. आधी आईबरोबर देठ खुडायला, आणि तीन-चार वर्षांत पुढे, मसाला कुटायच्या डंकाच्या तोंडाशी, गिऱ्हाइकांशी बोलायला. मी दादरला राहते. दरवर्षी एप्रिलमध्ये वर्षाचा मसाला कुटून आणायला लालबागला जाते, त्यामुळे आमची गाठ सुटली नाही. मिरची नुसती मुठीत धरून ती ब्याडगी कुठली आणि संकेश्वरी कुठली ते सांगायची. रंगाच्या बाबतीत तिचा शब्द मालकही खाली पडू देत नसे.

"बाई, तुम्हाला यंदा संकेश्वरी पाव किलो कमी घालते," ती म्हणायची. "मागच्या वर्षी तिखट झाला म्हणून तुम्ही मला अख्ख्या गल्लीसमोर झापलं होतंत."

"झापलं नव्हतं. सांगितलं होतं."

"तुमचं सांगणं म्हणजे झापणंच की."

तिचे लग्न झाले, रे रोडला लाकडाच्या वखारीत काम करणाऱ्या राकेशशी. एक मुलगी झाली. संघर्षने कॉम्प्युटरचे काहीतरी केले आणि लोअर परळच्या एका कंपनीत लागला. म्हणजे ज्याला आपण मार्गी लागणे म्हणतो ते सगळे झाले होते, तेव्हा संघर्षच्या हिरड्यांतून रक्त यायला लागले.

रक्ताचा कॅन्सर निघाला. परळच्या मोठ्या इस्पितळात सात महिने औषधे चालली. मग डॉक्टरांनी सांगितले की आजार गेल्यासारखा दिसतो आहे, पण परत येईल अशा जातीचा आहे, आणि तो येऊ नये म्हणून दुसऱ्या कुणाच्या तरी मूळ पेशी याच्या अंगात घालाव्या लागतील. आधी याची स्वतःची रक्त तयार करणारी यंत्रणा औषधांनी पुसून टाकायची, मग दुसऱ्याची आत सोडायची. मायाचे रक्त तपासले. ती पूर्ण जुळली.

हे सांगायला ती माझ्या घरी आली होती. डिसेंबर होता. चहा तिने तसाच ठेवला.

"जुळलं म्हणून आई रडली," ती म्हणाली. "मग डॉक्टर म्हणाले, पण एक आहे. बहीण देणारी आणि भाऊ घेणारा, आणि त्यात बहिणीला मूल झालेलं असलं, तर धोका थोडा जास्त. मूल पोटात असताना आपल्या अंगाला परकं ओळखायची सवय लागते म्हणे. मग त्याच पेशी त्याच्याकडे गेल्या की त्याचंच अंग परकं समजून खातात. कातडी, आतडी, लिव्हर."

"दुसरं कुणी नाही जुळत?"

"दुसरं कोण आहे, बाई."

मग ती जरा हसली. "पागडीच्या खोलीसारखं आहे. माझ्या पेशी भाडेकरू म्हणून जाणार, आणि एक दिवस मूळ मालकालाच विचारणार, तू कोण रे."

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ते झाले. पाच दिवस तिला इंजेक्शने दिली, हाडे ठणकायची, तरी ती तिसऱ्या दिवसापर्यंत डंकावर गेली. मग चार तास यंत्राला जोडून तिच्या रक्तातून पेशी काढल्या. पिशवी पाहिल्यावर संघर्ष म्हणाला, "ताई, हे तर तुझ्या मसाल्याच्या पाण्यासारखं दिसतंय." तिने त्याला गप्प बसायला सांगितले. ती पिशवी तासाभरात त्याच्या अंगात उतरली. इतकी धावपळ कशासाठी केली असे वाटावे इतके ते साधे होते, असे ती नंतर म्हणाली.

खरे काम त्यापुढे होते. डॉक्टरांनी शंभर दिवस सांगितले. ती पेशींची लढाई उठली तर बहुधा या दिवसांत उठते. पहिली खूण पुष्कळदा तळव्यांवर, तळपायांवर आणि कानांवर दिसते. आधी लाली, मग खाज, मग पुरळ. लवकर दिसले तर औषध लवकर सुरू करता येते. हे सगळे समजावणाऱ्या मृणालिनी मॅडम इस्पितळात रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलायचे आणि नमुने गोळा करायचे काम करायच्या. त्या मायाला म्हणाल्या, "रोज सकाळी उजेडात त्याचे तळवे बघा." माया म्हणाली, "ते मला येतं."

फेब्रुवारीच्या अखेरीस संघर्ष नायगावच्या चाळीतल्या खोलीवर आला. माया त्याआधीच आईकडे राहायला आली होती. मुलगी रे रोडला राकेश आणि सासूकडे. डंकावरून आली की मायाला खोलीत शिरायची सोय नव्हती. मिरचीची धूळ त्याच्या फुप्फुसांना चालणार नव्हती. कमलाबाई मोरीत पाणी काढून ठेवायच्या, माया डोक्यावरून आंघोळ करायची, दुकानातले कपडे पिशवीत बांधून बाहेर गॅलरीत टांगायची आणि मग मास्क लावून भावासमोर जायची. दिवसातून दोनदा केस धुऊन धुऊन तिचे केस गळायला लागले होते. मला दिसले.

तिने शंभर पानी वही केली होती. प्रत्येक पानावर तारीख, ताप, औषधे, शी किती वेळा, आणि शेवटी तळव्यांचा रकाना. सकाळी सहा वाजता गॅलरीचे दार उघडून ती म्हणायची, "हात." अठ्ठावीस वर्षांचा संघर्ष अंथरुणात उठून बसायचा आणि तळवे पुढे करायचा. "उलटे कर" म्हणायची गरजच नव्हती. ती वाकून पाहायची आणि लिहायची, "साफ". वहीत पानोपानी एकच शब्द होता. साफ, साफ, साफ.

मार्चमध्ये एक चांगली गोष्ट कळली. त्या इस्पितळात एक अभ्यास चालू होता. पेशी दिल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत रुग्णाचे रक्त घ्यायचे, त्यातले दोन-तीन घटक मोजायचे आणि पुढे ही लढाई कुणाच्या अंगात जोरात उठेल याचा आधीच अंदाज बांधायचा. संघर्षने त्यात रक्त दिले होते. त्याचा निकाल आला. कमी धोक्याचा गट. मायाने मला मोबाइलवर तो कागद दाखवला आणि मृणालिनी मॅडमनी सांगितलेले सांगितले, की या गटातल्या शंभरांपैकी दहा-बारा जणांनाच जोराचा त्रास होतो.

मी चष्मा लावून कागद वाचला आणि म्हटले, "म्हणजे पास झाला म्हण की."

हे वाक्य मी बोलले. चौतीस वर्षे मी मुलांचे पेपर तपासले. एखाद्या मुलाचे काय होईल याचे माझे अंदाज किती वेळा चुकले हे मला चांगले ठाऊक आहे. शंभरांतले दहा म्हणजे वर्गातली चार-पाच नावे, आणि त्या प्रत्येकाच्या घरी तो एकटाच असतो. पण त्या संध्याकाळी माया इतकी दमलेली होती, आणि तिचा चेहरा इतक्या दिवसांनी सैल झाला होता, की मला तिला काहीतरी बरे म्हणायचे होते. घरी जाऊन तिने आईला तेच सांगितले. बाई म्हणाल्या, पास झाला.

एप्रिल आला. एप्रिल म्हणजे डंकाचा मोसम. सगळ्या मुंबईच्या बायका पावसाळ्याच्या आत मसाला करून घ्यायला लालबागला येतात. माया सकाळी आठला जायची आणि रात्री नऊला यायची. मग आंघोळ, वही, औषधे. आणि चौदा तारखेला जयंती.

त्यांच्या चाळीत जयंतीची एक जुनी रीत होती. मंडळाची मुले पांढऱ्या मांजरपाटाचे लांब कापड आणायची, आणि चाळीतला प्रत्येक जण निळ्या गुलालात तळवे बुडवून त्यावर आपल्या नावापुढे ठसा उमटवायचा. ते कापड मिरवणुकीत सगळ्यांत पुढे धरायचे आणि मग वर्षभर चाळीच्या तोंडाशी बांधलेले असायचे. मेलेल्याच्या नावापुढची जागा त्या वर्षी रिकामी सोडायची. बुधाजी गेले त्या वर्षीची रिकामी जागा मी स्वतः पाहिली आहे. संघर्षचा ठसा तो वर्षाचा होता तेव्हापासून प्रत्येक कापडावर होता.

मिरवणुकीला जायचा प्रश्नच नव्हता. गर्दी नाही, धूळ नाही, ऊन नाही. हे संघर्षलाही मान्य होते. तो फक्त एवढेच म्हणाला, "ताई, हाताचं काय करायचं?"

"यंदा राहू दे."

"म्हणजे रिकामी जागा?"

कमलाबाई आत भाकऱ्या थापत होत्या, त्यांचा हात थांबला.

"तसं नाही म्हटलं मी," माया म्हणाली.

"मी म्हटलं. बघ ना, खालून जाणारा येणारा प्रत्येक जण विचारणार, संघर्षची जागा रिकामी का रे. आणि तू पास झाला म्हणालीस ना? मग पास झालेल्याला वर्गात घेत नाहीत का?"

रात्रभर तिने विचार केला आणि सकाळी स्वतः तोडगा काढला. कोरडा गुलाल उडतो, तो छातीत गेला तर वाईट, म्हणून तिने मंडळाच्या हितेंद्रकडून मूठभर गुलाल आधीच मागून घेतला आणि मोरीत एका ताटलीत पाण्यात चांगला कालवला. एक कण उडणार नाही असा. संघर्षला मास्क लावला. हितेंद्रने कापडाचे टोक गॅलरीच्या कठड्यावर पसरले, स्वतः जिन्यातच थांबला. खाली ढोल वाजत होते. संघर्षने दोन्ही तळवे त्या ताटलीत बुडवले आणि कापडावर टेकवले.

"जास्त दाबू नकोस," हितेंद्र म्हणाला, "कापडाला भोक पडेल."

"गप ए. तुझा हात बघ, म्हशीच्या खुरासारखा आलाय."

मग मिरवणूक गल्लीतून निघेपर्यंत तो कठड्यापाशी उभा राहिला. मायाने त्याला आत बोलावले नाही. अर्धा तास झाला असेल. ऊन तिरपे त्याच्या अंगावर येत होते. ती म्हणते, त्या अर्ध्या तासात तो आजारी दिसत नव्हता.

कोरडा गुलाल झटकला की जातो. पाण्यात कालवलेला कातडीत मुरतो. संध्याकाळी साबणाने धुतले, खोबरेल तेल लावले, तरी त्याचे तळवे निळेच राहिले. पंधरा तारखेला सकाळी सहाला तिने दार उघडले, "हात" म्हणाली, आणि पाहिले. मग रकान्यात लिहिले, "निळे". सोळाला, "निळे". सतराला, "निळे, थोडे फिके". मी ती वही नंतर पाहिली. साफ, साफ, साफच्या रांगेनंतर त्या तीन नोंदी.

सतराच्या रात्री तो म्हणाला की रंग चावतोय. मायाला वाटले, बाजारचा गुलाल, त्यात काय घालतात कुणास ठाऊक. तिने पुन्हा तेल लावून चोळले. अठराला तळवे चोळून चोळून लालसर झालेले दिसले आणि तिने लिहिले, "चोळल्याने लाल". मग ती डंकावर गेली, कारण त्या दिवशी शनिवार होता आणि दुकानाबाहेर बायकांची रांग लागली होती.

त्या संध्याकाळी मी संघर्षला बघायला गेले होते. जयंतीनंतर एकदा जाऊन यावे असे मनात होते. माया नुकतीच आंघोळ करून आली होती, केस टॉवेलात गुंडाळलेले. कमलाबाईंनी मला खुर्ची दिली आणि विचारले, "बाई, चहा की सरबत?" संघर्ष भिंतीला टेकून बसला होता. दिवसातून पाच वेळा जावे लागले म्हणून जरा गळून गेला होता. कालची भाजी बाधली असेल, असे कमलाबाई म्हणाल्या. तो तळवे मांडीवर घासत होता. दिव्याचा उजेड त्याच्या बाजूने पडला होता.

मी सहज विचारले, "कानालाही रंग लावला होतास का रे?"

"नाही बाई. का?"

"कान लाल दिसताहेत."

माया टॉवेल धरून उभी होती. ती पुढे आली, त्याच्या हनुवटीला धरून तिने चेहरा उजेडाकडे वळवला. उजवा कान, मग डावा. कानामागची कातडी बोटाने दाबून पाहिली. मग त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "पाय." त्याने पाय पुढे केले. पायांना कुणी गुलाल लावला नव्हता. दोन्ही तळपाय लाल होते.

ती उठली. फोन घेऊन गॅलरीत गेली. मृणालिनी मॅडमशी बोलताना तिचा आवाज शाळेत उत्तर देतानाचा होता, सरळ आणि मोजका. "तळवे, तळपाय, कान. शी पाच वेळा. ताप नाही. चार दिवस मला दिसलं नाही." पलीकडून काहीतरी विचारले असावे. "हाताला रंग होता," ती म्हणाली. "मीच कालवून दिला होता."

तासाभरात ते टॅक्सीने परळला गेले. मी कमलाबाईंजवळ थांबले. त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "पास झाला म्हणाली होती ना." मी त्यांना सांगितले की ते माझे शब्द होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, रागाने नव्हे, आणि म्हणाल्या, "तुम्ही काय करणार, बाई. चहा गार झाला."

कातडीचा तुकडा काढून तपासला. तीच लढाई होती. कातडी आणि आतडी, दोन्हीत. स्टेरॉइड सुरू केले. पुढच्या आठवड्यात सगळे ठरणार होते. औषधाला अंग दाद देते की नाही हे त्यात कळते, आणि नाही दिली तर पुढचा रस्ता अवघड असतो. हे डॉक्टरांनी मायाला नीट सांगितले.

ती रोज सकाळी डंकावर जाण्याआधी परळला जायची. एकदा मी बरोबर गेले. डॉक्टर तरुण होते, थकलेले. मायाने त्यांना विचारले, तिला विचारायचे होते तेच. चार दिवस आधी कळले असते तर? ऊन लागले नसते तर? आणि तुमचा तो कागद, कमी धोक्याचा, तो चुकला का?

"कागद चुकला नाही," डॉक्टर म्हणाले. "त्यात दहा-बारा होते. हा त्यांच्यातला निघाला. उन्हामुळे पेटू शकतं, पण त्यानेच पेटलं असं मी म्हणू शकत नाही. चार दिवसांनी किती फरक पडला असता, तेही सांगू शकत नाही. कदाचित थोडा. कदाचित काहीच नाही."

"म्हणजे कुणालाच माहीत नाही."

"नाही."

जिन्यावरून उतरताना ती मला म्हणाली, "बाई, त्यांनी मला एकदा सरळ सांगितलं असतं ना, तुझ्यामुळे झालं, तर मला झोप लागली असती."

मला वाटले, तिच्या खांद्यावर हात ठेवावा. ठेवला. तिच्या खांद्याचे हाड हाताला लागले.

सहाव्या दिवशी त्याची शी दोनवर आली. आठव्या दिवशी तळव्यांची कातडी सोलून निघाली, आणि निळ्याचा शेवटचा डागही तिच्याबरोबर गेला. खाली गुलाबी, कोवळी कातडी. मायाने त्या दिवशी वही इस्पितळात नेली होती. तिने "साफ" लिहिले नाही. काय लिहिले ते मी विचारले नाही, नंतर वहीत पाहिले. "नवी" असे लिहिले होते.

स्टेरॉइडने त्याचा चेहरा गोल झाला, मांड्या बारीक झाल्या. रात्री झोप नाही, सारखी भूक, आणि मधूनच कमलाबाईंवर ओरडणे. एकदा त्याने मायावर ताटली भिरकावली. म्हणाला, तुझ्याच पेशी मला खातायत आणि तूच मला जेव म्हणतेस. तिने ताटली उचलली, दुसरी वाढून आणली. "त्यांना समजावते मी," ती म्हणाली, "तू आधी जेव." तो हसला आणि मग रडला. औषध हळूहळू कमी करायला आठ महिने लागले. कंपनीने त्याची जागा ठेवली नाही.

या गोष्टीला आता दोन वर्षे होतील. त्याचा मूळ आजार परत आलेला नाही. डॉक्टर म्हणतात, ज्या पेशी त्याच्या अंगाशी भांडल्या त्याच कॅन्सरशीही भांडतात, तेव्हा एका अर्थाने तेही उपयोगी पडले. माया हे ऐकून घेते. लढाई पुरती मिटलेली नाही, रेंगाळत राहिली आहे. डोळ्यांत अश्रू तयार होत नाहीत, दर दोन तासांनी थेंब घालावे लागतात. तोंड कोरडे पडते. मसाल्याचे काहीही त्याला चालत नाही, जिभेला आग होते. बहीण मसाल्याच्या दुकानात, आणि घरात गेली दोन वर्षे त्याची भाजी वेगळी, पांढरी होते. तो घरून थोडेफार कॉम्प्युटरचे काम करतो. पंचेचाळीस मिनिटांहून जास्त वेळ पडद्याकडे बघता येत नाही.

त्या वर्षीचे कापड वर्षभर चाळीच्या तोंडाशी होते. माया कामावर जाताना रोज त्याखालून जायची. हितेंद्रने मला एकदा सांगितले की तिने ते उतरवायला लावायचा विचार केला होता, मग नको म्हणाली. पुढच्या जयंतीला संघर्षच्या हातांचा ठसा मायाने आधीच कागदावर पेन्सिलने गिरवून दिला, आणि मंडळाच्या मुलांनी तो कापडावर उतरवून आत निळा भरला. त्याच्या तळव्यांना रंग लागला नाही. हातांची आकृती मात्र बाकीच्यांपेक्षा जरा मोठी आली, कारण पेन्सिल बाहेरून फिरली होती. त्यावरून मुलांनी त्याची पुष्कळ टिंगल केली.

मी अजून एप्रिलमध्ये लालबागला जाते. गेल्या वेळी गेले तेव्हा माया डंकाशी उभी होती. नाकावर फडके, केस कापून आखूड केलेले, रोज दोनदा धुवायला सोपे म्हणून. माझी पिशवी घेऊन तिने मिरची मुठीत धरली, सवयीने, आणि जरा वेळ तशीच धरून उभी राहिली. मग दुकानातल्या नव्या बाईला हाक मारून म्हणाली, "ही ब्याडगीच ना? बघ बरं." त्या बाईने पाहून हो म्हटले. मायाने मान हलवली आणि ती मिरची काट्यावर टाकली. पूर्वी ती कुणाला विचारत नसे.

"संघर्ष कसा आहे?" मी विचारले.

"काल त्याचं एक नख मुळापासून थोडं सुटलेलं दिसलं. गुरुवारी डॉक्टरांना दाखवायचंय." मग म्हणाली, "बाई, आजकाल कुणी मला टक्के सांगितले ना, मी ऐकते आणि विचारते, हे शंभर कोण?"

तिच्यामागे बायकांची रांग लागली होती. मी बाजूला झाले.

राकेश आणि मुलगी आता नायगावलाच राहायला आली आहेत, दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे. माया सकाळी सहाला उठते, गॅलरीचे दार उघडते, भावाचे हात, पाय आणि कान बघते, मग मुलीच्या वेण्या घालते आणि साडेआठला लालबागला पोचते.